टपालाने व्हिडिओ गेम भाड्याने : परवडतं का, आणि नेमकं कशाच्या तुलनेत?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना मी आज एक साधा, थोडा पोरकट वाटेल असा प्रश्न देतो : व्हिडिओ गेमची डिस्क टपालाने भाड्याने मागवणं परवडतं का? आमच्याकडे पारोळ्यात अहिराणीत विचारतील, ‘परवडस का?’ प्रश्न एका शब्दाचा आहे, म्हणून उत्तरही एका शब्दात द्यायचा मोह होतो. याची जी उत्तरं सर्रास दिली जातात ती मला पटत नाहीत. का पटत नाहीत, ते नीट मांडतो. त्यात जी चूक आहे, तीच पुढे तुमच्या संशोधन आराखड्यात घुसू शकते.

सेवा काय असते?

अमेरिकेत २००२ मध्ये गेमफ्लाय नावाची कंपनी सुरू झाली. दरमहा ठरावीक फी भरायची, हव्या त्या गेमची यादी करून ठेवायची. कंपनी यादीतली एक डिस्क टपालाने पाठवते. ती हवी तितके दिवस ठेवा, उशिराचा दंड नाही. परत केली की पुढची येते. जास्त फी भरली तर एका वेळी दोन डिस्क. सिनेमांच्या बाबतीत नेटफ्लिक्सने हेच १९९८ पासून केलं आणि टपालाची सेवा २९ सप्टेंबर २०२३ ला बंद केली. भारतात बंगळुरूची सेव्हन्टीएमएम, रिलायन्सची बिगफ्लिक्स यांनी घरपोच डीव्हीडीचा प्रयोग केला, पण तो मोठ्या शहरांभोवतीच फिरला आणि टिकला नाही. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आलं ते डिस्क न घेता, थेट स्ट्रीमिंग घेऊनच.

म्हणजे पारोळ्याच्या पत्त्यावर, पिन ४२५१११ वर, अशी सेवा पोचली तर काय होईल हा प्रश्न कल्पनेतला आहे. संशोधनात असे प्रश्न रोज येतात : एका ठिकाणी सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी चालेल का?

नेहमीचं उत्तर आणि त्यातली गडबड

नेहमीचं उत्तर असं : नवा गेम चार-पाच हजारांचा, महिन्याची फी काही शे रुपये, म्हणजे भाडं स्वस्त. विषय संपला.

यात दोन गोष्टी चुकतात. एक, तुलना चुकीच्या गोष्टीशी केली आहे. डिस्क विकत घेणारा माणूस ती आयुष्यभर कपाटात ठेवतोच असं नाही. तो जुनी डिस्क घेतो, खेळतो आणि विकून टाकतो. त्याचा खरा खर्च म्हणजे घेतानाची आणि विकतानाची किंमत यांतला फरक. दोन, फी महिन्याची आहे आणि गरज गेमची आहे. महिन्याच्या फीला ‘दर गेममागे खर्च’ या एककात आणल्याशिवाय तुलनाच होत नाही. एककं जुळवल्याशिवाय समीकरण लिहायचं नाही, हे आपण अकरावीच्या भौतिकशास्त्रात शिकतो आणि पैशाचा विषय आला की विसरतो.

आता हिशोब करू. पुढचे आकडे मी मानलेले आहेत, कुठल्याही कंपनीचे नाहीत.

फी महिन्याला ६०० रुपये. एक गेम खेळून संपवायला लागणारे दिवस म्हणजे ‘ख’. डिस्क वाटेत असते ते दिवस, म्हणजे परतीचं टपाल, कंपनीतली नोंद, पुढच्या डिस्कचं टपाल आणि मधल्या सुट्ट्या, हे सगळे मिळून ‘व’. मग

दर गेममागे भाड्याचा खर्च = फी × (ख + व) ÷ ३०

दुसऱ्या बाजूला, जुनी डिस्क १,५०० ला घेतली आणि खेळून १,१०० ला विकली, तर तोटा ४०० रुपये. भाड्याचा खर्च या ४०० पेक्षा कमी असेल तरच भाडं परवडतं.

दहा दिवसांत संपणारा गेम धरा. डिस्कचं कोठार जवळ आहे आणि वाटेत फक्त ४ दिवस जातात, तर खर्च ६०० × १४ ÷ ३० = २८० रुपये. भाडं जिंकलं. आता तोच गेम, तीच फी, पण वाटेत १४ दिवस : ६०० × २४ ÷ ३० = ४८० रुपये. भाडं हरलं. या ४८० पैकी २८० रुपये तुम्ही डिस्क घरात नसतानाच्या दिवसांसाठी मोजलेत.

हेच उलटं मांडलं तर एक उंबरठा मिळतो :

भाडं परवडण्यासाठी ख हा (३० × तोटा ÷ फी − व) पेक्षा कमी हवा

आपल्या आकड्यांत ३० × ४०० ÷ ६०० = २०. म्हणजे व ४ असेल तर १६ दिवसांच्या आत संपणारा कुठलाही गेम भाड्याने घ्यावा. व १४ असेल तर फक्त ६ दिवसांच्या आत संपणारा. रोज तासभर खेळणाऱ्याला सहा तासांत संपतील असे गेम किती सापडतील? भाड्याची खिडकी बंद झाली असं नाही, पण फारच अरुंद झाली. फीला मात्र कुणी हातही लावलेला नाही.

टपाल ही बाजूची गोष्ट नाही

‘टपालाला किती दिवस लागतात हा तपशील आहे’, असं कुणी म्हणेल. गेमफ्लायचाच इतिहास याच्या उलट सांगतो.

अमेरिकी टपालाच्या वर्गीकरण यंत्रांत पत्रं पट्ट्यांमधून आणि रुळांमधून वेगाने वळत जातात. पातळ लिफाफ्यातली डिस्क त्यात वाकते, तडकते. नेटफ्लिक्सच्या परतीच्या लिफाफ्यांचा मोठा भाग टपाल कर्मचारी यंत्रात न टाकता हाताने वेगळा काढत, आणि त्यासाठी जादा आकार घेत नसत. गेमफ्लायला ही वागणूक मिळत नव्हती. तिला डिस्क वाचवण्यासाठी पुठ्ठा घालून मोठ्या सपाट पाकिटाच्या महाग दराने टपाल करावं लागे. २००९ मध्ये कंपनीने टपाल नियामक आयोगाकडे तक्रार केली. २०११ मध्ये आयोगाने भेदभाव झाल्याचं मान्य केलं, पण उपाय अर्धवट सुचवला. कंपनी अपील न्यायालयात गेली. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने आयोगाचा तो उपाय रद्द करून पुन्हा विचार करायला सांगितलं आणि त्याच वर्षी दर समान करण्याचा आदेश निघाला.

यातून आपल्या समीकरणासाठी काय मिळतं? आपण फी आणि टपाल हे दोन स्वतंत्र चल धरले होते. प्रत्यक्षात ते स्वतंत्र नाहीत. टपाल संथ किंवा धसमुसळं असेल तर डिस्क फुटतात, वेष्टन जाड करावं लागतं, डिस्क जास्त काळ वाटेत अडकल्याने तितक्याच ग्राहकांना जास्त प्रती विकत घ्याव्या लागतात, आणि हे सगळं शेवटी फीत येतं. लांबच्या गावाला दिवसही जास्त आणि फीही जास्त, असा दुहेरी मार बसतो. तुमच्या मॉडेलमध्ये दोन चल ‘स्वतंत्र’ लिहिताना हात थोडा अडखळला पाहिजे.

गावात दुसरं चलही बदलतं

आता इथे थांबून ‘पारोळ्याला परवडत नाही’ असं लिहून टाकता येईल. पुष्कळ लेख इथेच थांबतात. पण जागा बदलली की एकच गोष्ट बदलते असं मानणं हाही आळसच.

पारोळं धुळे-जळगाव महामार्गावर आहे, रेल्वे मात्र नाही. गाडी पकडायची तर अमळनेरला जावं लागतं. जुन्या डिस्कचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत जितकं सहज मिळतं तितकं तालुक्याच्या गावी मिळत नाही. म्हणजे विकताना भाव पडतो, किंवा कुरिअरचा खर्च अंगावर येतो. तोटा ४०० वरून ६०० झाला असं धरा. उंबरठा आता ३० × ६०० ÷ ६०० = ३०, वजा १४, म्हणजे १६ दिवस. जवळच्या कोठारावाल्या शहरी माणसाला जो उंबरठा मिळाला होता, नेमका तोच!

बघा, काय झालं. लांबच्या टपालाने भाडं महाग केलं आणि नसलेल्या जुन्या बाजाराने विकत घेणंही महाग केलं. दोन्ही बाजू सरकल्या. निकाल कुठे जाईल हे कोण जास्त सरकलं यावर ठरतं, आणि ते घरी बसून सांगता येत नाही.

उलट, गावात चार मित्रांचं टोळकं असेल आणि डिस्क एकमेकांत फिरत असतील, तर तोटा जवळपास शून्यावर येतो. मग कुठलीही टपाल सेवा त्यापुढे टिकत नाही. यात नवीन काही नाही. नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या ‘कॅसेटी’ गल्लीगल्लीत अशाच फिरायच्या, दुकानदार काही रुपये घेऊन बदलूनही द्यायचे. तिथे ‘व’ म्हणजे सायकलवरची पाच मिनिटं.

रिकामे दिवस

आणखी एक गोष्ट, खास तुमच्यासाठी. वर मी ‘रोज तासभर खेळणारा’ माणूस धरला. संशोधन करणारा माणूस असा नसतो. पेट परीक्षा, सहामाही प्रगती अहवाल, उपकरणाची मिळालेली वेळ, गाईडचा अचानक आलेला फोन. महिन्यातले दहा दिवस डिस्कला हात लागत नाही. फी मात्र चालूच. मग दहा दिवसांचा गेम सरासरी पंधरा दिवस घेतो. व १४ धरून खर्च ६०० × २९ ÷ ३० = ५८० रुपये.

यावर उपाय म्हणून दोन डिस्कची योजना सांगितली जाते : एक वाटेत, एक हातात. कल्पना चांगली आहे, संगणकशास्त्रात पाइपलाइन म्हणतात तीच. दोन डिस्कची फी ९०० धरा. रोज खेळणाऱ्याला २४ दिवसांत दोन गेम, म्हणजे ३० दिवसांत अडीच, दर गेममागे ३६० रुपये. एका डिस्कच्या ४८० पेक्षा बरंच कमी. पण रिकामे दिवस असलेल्या माणसाला महिन्यात दोनच गेम संपवता येतात, कारण आता अडथळा टपाल नाही, तो स्वतःच आहे. खर्च ४५० रुपये. जुना बाजार बरा असेल तर ४०० मध्ये विकत घेणं पुन्हा पुढे गेलं.

म्हणजे सेवा तीच, गाव तेच, आणि रोज खेळणाऱ्याला परवडतं, तुम्हाला नाही. ‘सरासरी ग्राहक’ धरून काढलेलं उत्तर या दोघांपैकी एकालाही लागू पडत नाही.

डाउनलोड असताना टपाल कशाला?

हा आक्षेप रास्त आहे, पण तोही मोजून बघू. साध्या दुहेरी थराच्या ब्लू-रे डिस्कवर ५० जीबी मावतात. ती पाच दिवसांत पोचली तर वेग सेकंदाला एक मेगाबिटहूनही थोडा कमी पडतो. घरी २० मेगाबिटचं कनेक्शन नीट चालत असेल तर तेवढाच डेटा साडेपाच-सहा तासांत येतो. शिवाय डिस्क आली तरी अनेक गेमना वरून मोठे अपडेट उतरवावे लागतात. म्हणजे डेटा वाहून नेण्याच्या शर्यतीत टपाल हरलं आहे.

पण डिस्कचा एक गुण डाउनलोडला नाही : ती दुसऱ्याला देता येते. डाउनलोड केलेला गेम तुमच्या खात्याला चिकटतो. तो विकता येत नाही, म्हणजे आपल्या भाषेत त्यातला तोटा पूर्ण किमतीइतका. महिन्याच्या वर्गणीवर गेम देणाऱ्या ऑनलाइन सेवांमध्ये ‘व’ शून्य होतो, पण रिकाम्या दिवसांची फी तिथेही भरावी लागतेच. म्हणून ‘टपाल की डाउनलोड’ हा फक्त वेगाचा प्रश्न नाही, हातात आलेल्या वस्तूवर हक्क किती हा प्रश्न आहे.

कायद्याची अट

हक्काचा विषय निघालाच तर एक मोठी गोष्ट राहते. अमेरिकेत १९९० च्या दुरुस्तीने संगणक सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर बंधन आणलं, पण खास गेम खेळण्यासाठी बनवलेल्या यंत्रांचे गेम त्यातून वगळले. गेमफ्लायसारखा धंदा या सवलतीवर उभा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १४ प्रमाणे संगणक प्रोग्राम व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क मालकाकडे आहे. गेमला प्रोग्रामऐवजी चित्रपटासारखी दृश्य कृती मानलं तरी तिथेही व्यापारी भाड्याचा हक्क मालकाचाच. म्हणजे परवानगी न घेता असा धंदा इथे उभा राहू शकत नाही, आणि परवानगीची किंमत पुन्हा फीतच येणार.

मात्र २०१२ च्या दुरुस्तीने ‘व्यापारी भाडं’ या शब्दाची व्याख्या दिली. ग्रंथालय किंवा ना-नफा शिक्षण संस्था कायदेशीर मार्गाने घेतलेली प्रत नफ्याशिवाय वाचकाला देत असेल, तर ते व्यापारी भाडं धरलं जात नाही. म्हणजे तालुक्याच्या वाचनालयाच्या किंवा कॉलेजच्या ग्रंथालयाच्या कपाटात वीस डिस्क असू शकतात. तिथे ‘व’ जवळपास शून्य, फी वर्षाची, आणि रिकाम्या दिवसांत डिस्क दुसऱ्याच्या घरी.

माझा निकाल

पारोळ्यात राहणाऱ्याला, एका वेळी एक डिस्क देणारी टपाल सेवा परवडेल ती एकाच माणसाला : जो रोज खेळतो, छोटे गेम खेळतो, आणि ज्याला डिस्क विकायला किंवा बदलायला आजूबाजूला कुणीच नाही. मित्रमंडळ असलेल्याला नाही. मोठे गेम खेळणाऱ्याला नाही. चाळीस दिवस चालणारा गेम तर टपाल चार दिवसांचं असलं तरी ८८० रुपयांना पडतो. आणि फेलोशिप कधी जमा होईल याची वाट बघत प्रबंध लिहिणाऱ्याला तर नाहीच. त्यापेक्षा तेच पैसे ग्रंथालयाला डिस्क घ्यायला लावण्यात घालावेत.

पण या निकालापेक्षा तो कशावर लटकला आहे ते जास्त महत्त्वाचं. फीवर नाही. टपालाच्या दिवसांवरही पूर्ण नाही. तो लटकला आहे ‘जुनी डिस्क आपल्या गावात कितीला जाते’ या एका आकड्यावर, जो मी वर मानून घेतला, कारण तो कुठल्याही पानावर छापलेला नाही. फी जाहिरातीत असते, टपालाचे दिवस ट्रॅकिंगमध्ये दिसतात, म्हणून सगळे त्यावरच बोलतात. जो आकडा निकाल फिरवतो तो मात्र बाजारात जाऊन, वीस-पंचवीस जणांना विचारून, वहीत लिहूनच मिळणार.

आता तुमच्या आराखड्याकडे या. विद्यापीठात विषय मांडताना बाहेरच्या अभ्यासाचा निष्कर्ष तुम्ही आणाल : अमुक पद्धत फायद्याची ठरली. ती ठिबक सिंचनाची असेल, सौर पंपाची असेल, नाहीतर ऑनलाइन शिकवण्याची. निष्कर्ष उचलून आणू नका, समीकरण आणा. मग एकेका चलापुढे लिहा : हे इथे बदलतं का, किती बदलतं, आणि बदललं तर निकाल फिरतो का? ज्या चलाने निकाल फिरतो आणि ज्याचा आकडा कुणाकडेच नाही, तिथे तुमचं संशोधन आहे. बाकीच्या चलांसाठी वाचन पुरेल. त्या एकासाठी गावात फिरावं लागेल.